पाचवा गिअर वर हवा की मधे? साताऱ्यातल्या एका १२५ सीसी गाडीचं प्रकरण

कमी ताकदीच्या मोटरसायकलला एक गिअर जास्त दिला तर फायदा होतो का, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. मी आयटीआयच्या मुलांना मोटर मेकॅनिक शिकवतो, त्यामुळे नात्यातला कुणीही गाडी घ्यायला निघाला की आधी फोन मला. एरवी मी थोडक्यात सांगतो. या वेळी विचारणारा माझा भाचा होता, त्याची गाडी मला आतून-बाहेरून माहीत होती आणि त्याचे रस्तेही. म्हणून हे एकच प्रकरण शेवटपर्यंत तपासलं. ज्यांना असाच प्रश्न पडलाय त्यांना उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाचा औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी आहे. हेडक्वार्टर सातारा. त्याच्या टूर प्रोग्रॅममध्ये कराड आहे, कोरेगाव-रहिमतपूर आहे, वाईहून पाचगणी-महाबळेश्वर आहे आणि उंब्रजवरून मल्हारपेठमार्गे पाटण आहे. बायकोचं माहेर शिरवळ, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी डबलसीट तिकडे फेरी. गाडी १२५ सीसी, चार गिअरची. गाडीच्या पुस्तकात ताकद साडेदहा पीएसच्या (पीएस म्हणजे ताकदीचं माप) आसपास, इंजिनाच्या मिनिटाला ७५०० फेऱ्यांना, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११ न्यूटन मीटर ६००० फेऱ्यांना. आपल्याकडच्या १२५ च्या गाड्या कमी-अधिक याच घरातल्या.

त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत: “मामा, हिला पाचवा बसंल का? हायवेला ऐंशीला लई वरडतीय. आणि घाटात तर चौथ्यात दमच धरत नाय.”

या एका दमात सांगितलेल्या तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोघींचं औषध एकमेकांच्या उलट आहे. पहिलीला इंजिनाचे फेरे कमी करायला हवेत, दुसरीला वाढवायला. जादा गिअरवरची बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. एक जण पहिल्या तक्रारीबद्दल बोलत असतो, दुसरा दुसऱ्या.

बसवता येतो का, हे आधी निकालात काढू. येत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये असाच एक चार गिअरचा बॉक्स उघडून ठेवलेला आहे, तो त्याला दाखवला. दोन शाफ्ट शेजारी-शेजारी, दोन्हींवर दातेरी चाकांच्या चार जोड्या. या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. आपण पायाने गिअर बदलतो तेव्हा ड्रम फिरतो, ड्रमच्या खाचांमधून फोर्क सरकतात आणि एखादं चाक शेजारच्या चाकाच्या खुंट्यांत जाऊन बसतं, एवढंच होतं. चार जोड्या मिळून तळहाताएवढी रुंदी भरून गेली होती. पाचवी जोडी ठेवायला शाफ्टवर जागा नाही, ड्रमला खाच नाही आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या कवचाच्या भिंती जागच्या जागी. त्याने स्वतः शाफ्ट हातात घेऊन पाहिला तेव्हा तो विषय संपला. पाच गिअर हवे असतील तर पाच गिअरसाठी बनलेली गाडीच घ्यावी लागते.

ताकदीचा हिशेब

गिअर ताकद तयार करत नाही. इंजिन देईल तेवढीच ताकद चाकापर्यंत जाते, उलट वाटेत बेअरिंग, गिअर आणि चेन मिळून सुमारे आठवा हिस्सा खातात. म्हणजे भाच्याच्या गाडीच्या चाकाला जास्तीत जास्त नऊ-सव्वानऊ पीएस पोचणार, तेही इंजिन साडेसात हजारांवर फिरत असताना. तेच इंजिन पाच हजारांवर असेल तर चाकाला पावणेसात, आणि चार हजारांच्या थोडं वर असेल तर जेमतेम सव्वापाच. गिअरचं काम एवढंच, की ज्या वेगाला जितकी ताकद लागते तितकी देणाऱ्या फेऱ्यांवर इंजिनाला ठेवणं.

आता लागते किती? गाडी, भाचा आणि सॅम्पलची बॅग मिळून दोनशे किलो धरले. तो ताठ बसून चालवतो, म्हणजे छाती वाऱ्याला. सपाट रस्ता आणि वारा नसेल तर ६० च्या वेगाला पावणेतीन पीएस पुरतात. ८० ला मात्र पावणेसहा लागतात. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि ताकदीची गरज दुपटीवर गेली, कारण वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने.

यात समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा घाला. ८० ला आता साडेआठ पीएसच्या वर लागतात. गाडीकडे सगळं मिळून आहेत नऊ. आषाढात नैर्ऋत्येचा वारा सुटला की कराडकडे जाताना तो तिरका समोरूनच येतो. पाटणच्या रस्त्याला तर तोंड पश्चिमेला. त्या खोऱ्याच्या वर वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्या काही शोभेला नाहीत.

भाच्याच्या गाडीला चौथ्या गिअरात ६० ला साधारण पाच हजार फेरे होतात. समजा तिला वरती आणखी एक गिअर दिला, वीस टक्के लांब (इंजिनाच्या एका फेऱ्यात चाक तेवढं जास्त फिरवणारा), म्हणजे ज्याला लोक ओव्हरड्राईव्ह म्हणतात तसा. मग ६० ला इंजिन ४२०० च्या खाली फिरेल. वारा नसताना छानच, पावणेतीनची गरज आहे आणि सव्वापाच हाताशी आहेत. आवाज कमी, थरथर कमी, पेट्रोलही थोडं वाचेल, कारण कमी फेऱ्यांना घर्षण कमी आणि थ्रॉटल जास्त उघडा राहिल्यामुळे इंजिनाला हवा ओढायला कमी झगडावं लागतं. पण पाटणच्या रस्त्यावर समोरून ताशी ३० चा वारा आला की त्याच ६० ला सव्वापाचच पीएस लागतात. हातात काहीच शिल्लक नाही. एखादा पूल चढायचा झाला, एसटीला ओव्हरटेक करायचं झालं की तो गिअर सोडून खाली यायचं. आणि ८० ला तो गिअर चालवायचा म्हटलं तर वारा नसताना इंजिन पुरं पडेल, वाऱ्यात नाहीच.

म्हणून वरचा जादा गिअर हा ज्यांच्याकडे ताकद शिल्लक राहते त्यांच्या कामाचा. साडेदहा पीएसच्या गाडीला तो फक्त बिनवाऱ्याच्या सपाट रस्त्यावर, पन्नास-साठच्या वेगात परवडतो. हेही खरं, की काही लोकांचं आयुष्यच तेवढ्या वेगात चालतं आणि त्यांना तो उपयोगी पडतो. २०१९ मध्ये बजाजने प्लॅटिनाला एच गिअर नावाचा पाचवा दिला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, ८.६ पीएसला पाचवा कशाला म्हणून. पण त्या ११५ सीसी इंजिनाचा टॉर्क ५००० फेऱ्यांनाच पूर्ण ९.८१ न्यूटन मीटर मिळतो. खाली दम असलेल्या इंजिनाला असा गिअर झेपतो. वरच्या फेऱ्यांवर जीव असलेल्या इंजिनाला तोच गिअर जड जातो. त्यामुळे नुसता पीएसचा आकडा बघून हो-नाही ठरवू नये, तो टॉर्क कुठल्या फेऱ्यांना येतो हे शेजारी वाचावं.

पंधरा दातांचा प्रयोग

माझ्याकडे येण्याआधीच भाच्याने एका गॅरेजात विचारलं होतं आणि तिथल्या मिस्त्रीने त्याला सोपा उपाय करून दिला होता. चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, बदलायलाच आली होती, तर पुढचं चौदा दातांचं काढून पंधराचं घातलं. याने चारही गिअर सात टक्क्यांनी लांब होतात. पाचवा गिअर बसवल्यासारखं होईल, असं त्याला सांगितलं गेलं.

झालं असं, की साताऱ्यातून शेंद्रे, नागठाणे, काशीळ करत सकाळच्या शांत हवेत जाताना गाडी खरोखर मऊ वाटायला लागली. ८० ला ६६५० च्या जागी ६२०० फेरे. भाचा खूश. पण दुपारी वारा उठला की तीच गाडी ८० धरेना. चौदा दातांवर त्या फेऱ्यांना चाकाला पावणेनऊच्या आसपास मिळत होते आणि गरज साडेआठच्या जरा वर, म्हणजे जेमतेम भागत होतं. पंधरावर मिळणारे साडेआठच्या आत आले आणि तूट पडली. मग मूठ पूर्ण पिळून ७४-७५. मूठ पूर्ण पिळली की इंजिन पेट्रोल जास्त ओढतं, त्यामुळे टाकी फुल ते टाकी फुल मोजल्यावर ॲव्हरेज वाढलं नव्हतं, थोडं घटलंच होतं. कंपनी किलोमीटरमागे भत्ता देते, तेव्हा हे त्याला लगेच टोचलं.

खरा त्रास झाला तो वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात. तिथे मी मागे बसून गेलो आणि मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. यू आकाराच्या वळणातून दुसऱ्या गिअरात बाहेर पडायचं, तिसरा टाकायचा, चाळीसच्या वर गेलं की सवयीने चौथा. चौथा पडला की आरसे थरथरायला लागायचे, चेन खालच्या बाजूला फडफडायची आणि टाकीखालून ठोकल्यासारखा बारीक आवाज यायचा. गाडी ओढत होती, पण दर शंभर मीटरला वेग उतरत होता. परत तिसरा टाकला की आवाज मोकळा व्हायचा, गाडी उचलायची, आणि पन्नासच्या पुढे तिसरा ओरडायला लागायचा. दोन्ही गिअर चूक वाटावेत, असा एक वेगाचा पट्टा तयार झाला होता आणि घाटाचा अर्धा रस्ता त्या पट्ट्यात जात होता. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं ओढायला लावणं इंजिनाला वाईट. पिस्टन, क्रँकचं बेअरिंग आणि चेन तिन्हींना मार बसतो. ओरडणाऱ्या इंजिनाची लोकांना काळजी वाटते, पण मला त्या ठोकणाऱ्या आवाजाची जास्त वाटते.

चौदाचं स्प्रॉकेट परत घातलं. चाकांतली हवा, एअर फिल्टर, चेनचा ताण नीट केला. पट्टा अरुंद झाला, गेला नाही. तो मुळातच चार गिअरच्या गाडीत होता.

मधला गिअर

तो का असतो, ते बघू. पहिल्या गिअरपासून शेवटच्या गिअरपर्यंतचं अंतर ३.३ पट धरा. पहिला चढावर उठण्यासाठी, शेवटचा हायवेसाठी, ही दोन टोकं १२५ च्या गाडीत फारशी हलवता येत नाहीत. हे अंतर चार गिअरमध्ये वाटलं तर तीन टप्पे पडतात, प्रत्येक सरासरी दीडपटीचा. पाच गिअरमध्ये वाटलं तर चार टप्पे, प्रत्येक १.३५ पटीचा. शिडीची उंची तीच, पायऱ्या जवळ आल्या. सात हजार फेऱ्यांवर गिअर वाढवला तर पहिल्या गाडीत इंजिन ४७०० वर येऊन पडतं, दुसरीत ५२०० वर. पाचशे फेऱ्यांचा फरक मोठ्या इंजिनाला कळतही नाही. साडेतीनशे सीसीच्या बुलेटला २७ न्यूटन मीटर ४००० फेऱ्यांना मिळतात, जुनी बुलेट तर चार गिअरवर सगळे घाट चढून गेली. पण ज्याच्याकडे गरजेपेक्षा अर्धा-एक पीएसच जास्त आहे, त्याचं सगळं गणित त्या पाचशे फेऱ्यांत बसतं किंवा फिसकटतं.

जुन्या लोकांना आठवत असेल, यामाहाची आरएक्स १३५ आधी चार गिअरची होती, नंतर पाच गिअरची आली. टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात एकदम येणारी, त्यामुळे पट्ट्यातून खाली घसरू न देणारा गिअर तिला फार मानवला. याचं टोक बघायचं असेल तर १९६७ ची सुझुकीची ५० सीसी शर्यतीची गाडी बघा. चौदा गिअर! सतरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारं ते इंजिन अगदी अरुंद पट्ट्यातच ओढायचं, म्हणून इतक्या पायऱ्या. इंजिन जितकं लहान आणि त्याचा पट्टा जितका अरुंद, तितके गिअर जास्त लागतात. आपल्याकडे समज उलटा आहे, जास्त गिअर म्हणजे जास्त ताकदवान गाडी.

भाच्याला हे कागदावर पटलं नाही आणि पटायलाही नको होतं. त्याच्या दाजींकडे त्याच ताकदीची पाच गिअरची १२५ आहे. दोन्ही गाड्यांचे गिअर रेशो (त्या गिअरात एक शाफ्ट दुसऱ्याच्या किती पट फिरतो तो आकडा) आणि स्प्रॉकेटचे दात घेऊन ताडून पाहिलं, तर दाजींच्या गाडीचा पाचवा आणि भाच्याच्या गाडीचा चौथा जवळपास सारखा निघाला. यापेक्षा चांगली तुलना मिळणार नव्हती. दाजींनी काही दिवस गाड्या बदलून घ्यायला आनंदाने हो म्हटलं.

कराड फेरीनंतर त्याचा फोन आला तो निराश होऊन. “मामा, कायच फरक नाय. ऐंशीला ही पण तशीच वरडतीय.” बरोबर होतं. शेवटचा गिअर सारखा, फेरे सारखे, आवाज सारखा. १२५ ला ८० म्हणजे बरीचशी, आणि वाऱ्यात जवळजवळ सगळी ताकद कामाला लावणं आहे, ती जास्त फेऱ्यांवरच मिळते आणि जास्त फेरे म्हणजे आवाज. त्या तक्रारीवर पाचवा गिअर हे औषधच नाही. औषध दोनच, मोठं इंजिन किंवा ७० चा वेग.

मग तो बायकोला घेऊन शिरवळला गेला. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. साताऱ्याकडे येताना खंडाळ्यापासून चढ लागतो, मागे-पुढे ट्रक, वेग फार पाडला की मागचे अंगावर येतात. इथे आकडे बोलतात. डबलसीट मिळून २७० किलो, चढ शंभराला सात धरला, वेग ५५. लागतात सव्वासहा पीएस. त्याच्या जुन्या गाडीच्या चौथ्यात ५५ ला ४६०० फेरे, चाकाला सहाच्या आत, म्हणजे गाडी मरत जाणार. तिसऱ्यात ६२५० च्या वर फेरे, आठाच्या वर पीएस, चढते पण तारस्वरात. दाजींच्या गाडीचा चौथा या दोघांच्या मधे बसतो, ५५ ला साडेपाच हजार फेरे आणि चाकाला सात पीएसच्या वर. गरजेपेक्षा एक पीएस जास्त, ओरडणं नाही, ठोकणं नाही. त्याने पूर्ण घाट त्या एका गिअरात काढला. पसरणीलाही तेच झालं, तिथे तर वळणागणिक दुसऱ्या-तिसऱ्यामधली उडीही लहान वाटली.

बायकोने मागे बसून दिलेला अभिप्राय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तिला गिअरचं काही देणंघेणं नाही. तिने एवढंच सांगितलं, की या वेळी घाटात मागून ढुश्या बसल्या नाहीत.

तोटेही त्याने सांगितले आणि ते खरे आहेत. पोवई नाक्यापासून राजवाड्याकडे जाताना गर्दीत पाय सारखा हलता राहतो. कुठल्या गिअरात आहोत ते विसरायला होतं आणि नसलेला सहावा टाकायला पाय जातो. कोरेगाव-रहिमतपूरच्या फेरीत त्याला काही फरक जाणवला नाही. ॲव्हरेज दोन्ही गाड्यांचं जवळपास सारखंच निघालं.

निर्णय

जुन्या गाडीचे हप्ते फिटेपर्यंत थांबायचं आणि मग पाच गिअरची घ्यायची, असं ठरलं आणि तसंच केलं. कारण त्याच्या टूर प्रोग्रॅममध्ये घाट आहेत आणि महिन्यातून काही वेळा डबलसीट आहे. फक्त कराड-कोरेगाव असतं तर मी त्याला जुनीच ठेव म्हटलं असतं. बहिणीचे यजमान लिंबच्या शेतावर रोज स्प्लेंडर नेतात, ९७ सीसी, चार गिअर, चाळीस-पन्नासचा वेग. त्यांना पाचवा दिला तर तो कधी पडणारच नाही.

हायवेचा वेग त्याने सत्तरवर आणलाय. कराडला पोचायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात आणि ॲव्हरेज जे वाढलं ते याने वाढलं.

पाच गिअरची गाडी बघायला जाणार असाल तर शोरूममधून माहितीपत्रक मागा आणि शेवटच्या दोन गिअरचे रेशो एकमेकांनी भागून बघा. उत्तर १.२ च्या आसपास आलं तर पायऱ्या जवळ आहेत. मग आपल्या जुन्या गाडीचा शेवटचा गिअर स्प्रॉकेटसकट ताडून पाहा, म्हणजे जादा गिअर मधे घातलाय की वर चढवलाय ते कळेल. टेस्ट राईडला पोवई नाक्याचा फेरा मारून परत येऊ नका. मागे कुणालातरी बसवा, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागा आणि चाळीस ते पंचावन्नच्या मधे गाडी कुठल्या गिअरात सुखाने चढते ते बघा.